जयनगर–जनकपूर: रूळ तयार, गाड्या तयार, मग अडतं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळातल्या जनकपूर–कुर्थापर्यंतची लाइन जेमतेम ३५ किलोमीटरची. रूळ भारतानं टाकून दिले, गाड्या आपल्या कोकण रेल्वेनं सप्टेंबर २०२० मध्ये पोहोचवल्या, तरी पहिली प्रवासी गाडी सुटली एप्रिल २०२२ मध्ये. एवढ्याशा लाइनला दीड वर्ष कशाला लागलं? आणि आता लाइन सुरू झालीच आहे, तर मुंबईहून जयनगरला जाणारी पवन एक्सप्रेस तशीच पुढे जनकपूरला का नेत नाहीत? शेवटी तुम्ही म्हणता, "यात नक्की कुणीतरी खोडा घालतंय."

खोडा घालणारा शोधण्याआधी जरा ऐका. माझी सगळी नोकरी ऑपरेटिंग खात्यात गेली. सहायक स्टेशन मास्तर म्हणून लागलो, पुढे ट्रॅफिक इन्स्पेक्टर झालो, आणि शेवटची बरीच वर्षं नव्या किंवा गेज बदललेल्या लाइन वाहतुकीला खुल्या करण्याच्या कामात होतो. जयनगरच्या लाइनवर मी काम केलेलं नाही, प्रवासी म्हणून तेवढा गेलो आहे. पण शेवटचा स्लीपर बसणं आणि पहिली गाडी सुटणं या दोन घटनांच्या मध्ये काय काय असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या मधल्या काळातच आहे.

आधी एक दुरुस्ती. लाइन भारताच्या अनुदानातून झाली आणि ती भारत सरकारच्या इरकॉन कंपनीनं बांधली, हे बरोबर. गाड्या मात्र भेट नव्हत्या. १६०० अश्वशक्तीच्या दोन डेमू (वेगळं इंजिन न लागणाऱ्या, डिझेलवर धावणाऱ्या) गाड्या नेपाळ सरकारनं विकत घेतल्या. मे २०१९ मध्ये कोकण रेल्वेशी करार झाला, चेन्नईच्या आयसीएफ या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात डबे बनले आणि सप्टेंबर २०२० मध्ये गाड्या पोहोचल्या. म्हणजे बांधणारा एक, गाडी देणारा दुसरा आणि चालवणारा तिसरा. हा तिसरा म्हणजे नेपाळ रेल्वे कंपनी. तिची अडचण काय होती ते पाहिलं की सगळं उलगडतं.

लाइन नवी नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. १९३७ मध्ये राणा राजवटीत इथे नॅरोगेज आली ती भाविकांसाठी नव्हे, तर नेपाळच्या महोत्तरी जिल्ह्यातल्या जंगलातलं लाकूड जयनगरला आणण्यासाठी. नंतर ती माणसांची गाडी झाली. विवाहपंचमीला, म्हणजे राम-सीतेच्या लग्नाच्या सणाला, आणि रामनवमीला टपावर बसून लोक जायचे. पुढे बिजलपुरापर्यंत जाणारा भाग २००१ च्या पुरात पूल वाहून गेल्यावर बंद पडला, आणि उरलेली जयनगर–जनकपूर नॅरोगेज २०१४ मध्ये थांबली. गेज बदलासाठी ती थांबवली आणि आठ वर्षं तिथे गाडीच नव्हती.

या आठ वर्षांत काय गेलं असेल? इंजिनं गेली, डबे गेले, पण त्याहून मोठं नुकसान माणसांचं. रेल्वे ही हाताखाली शिकायची नोकरी आहे. नवा पॉइंट्समन (गाडीसाठी रूळ बदलणारा) जुन्या पॉइंट्समनच्या हाताखाली तयार होतो, नवा ड्रायव्हर जुन्याच्या शेजारी बसून रस्ता शिकतो. आठ वर्षांचा खंड पडला की ही साखळी तुटते. शिवाय जे उरले होते ते २ फूट ६ इंची गेजवर, हळूहळू चालणाऱ्या गाडीवर तयार झालेले. त्यांच्यासमोर आता १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज, रंगीत दिव्यांचे सिग्नल आणि कितीतरी वेगानं जाऊ शकणारी गाडी. हे त्याच नोकरीचं पुढचं पान नव्हे, वेगळी नोकरी आहे.

आता लांबीचं बघू. "फक्त ३५ किलोमीटर" या शब्दांत एक हिशेब दडलेला आहे: कोकण रेल्वे ७४१ किलोमीटर, म्हणजे हिला तिच्या विसाव्या हिश्शाइतकी तयारी पुरेल. हा हिशेब चुकतो. खडी, रूळ, स्लीपर, ट्रॅकमन यांची गरज लांबीबरोबर कमी होते, हे खरं. पण नियमपुस्तक अर्धं चालत नाही. अपघात झाला तर चौकशी कोण करणार, हे ३५ किलोमीटरलाही ठरवावंच लागतं. गाड्यांच्या हालचालींवर नजर ठेवणारा कंट्रोल लागतो, ड्रायव्हरची परीक्षा घेऊन त्याला दाखला देणारा अधिकारी लागतो, गाडी घसरली तर उचलायला साधनं लागतात, डिझेल भरायला आणि गाडीच्या पोटाखाली शिरून तपासायला जागा लागते. दोन माणसांचा संसार असला तरी चूल अख्खीच लागते.

या यादीतली पहिली गोष्ट कायदा, आणि लोक नेमकी तीच विसरतात. आपल्याकडे १९८९ चा रेल्वे अधिनियम आहे म्हणून आपल्याला तो जाणवत नाही. तिकीट नसेल तर दंड, रुळावरून चालणं गुन्हा, साखळी ओढली तर कारवाई, अपघातात मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई, फाटकाचा दांडा तोडून ट्रक घुसला तर दोष कुणाचा, हे सगळं त्यातून येतं. नवी लाइन उघडताना रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात, मोटार ट्रॉलीवरून लाइन बघतात, पूल बघतात, वेगाची चाचणी घेतात आणि मग अमुक वेगापर्यंत प्रवासी गाडी चालवायला हरकत नाही असं लेखी देतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी उड्डाण मंत्रालयाखाली असतात. बांधणाऱ्यानंच स्वतःच्या कामाला पास करू नये म्हणून ही व्यवस्था. नेपाळमध्ये आजच्या ब्रॉडगेजला पुरेल असा कायदाच उभा करायचा होता. विधेयक रखडलं आणि शेवटी २०२१ मध्ये अध्यादेशाची वाट धरावी लागली. अध्यादेश नसता तर गाडी ढकलून पुढे नेता आली असती, पण त्या गाडीत तिकीट काढून बसलेला माणूस नेमका कुणाच्या जबाबदारीवर बसलाय, ते कुणालाच सांगता आलं नसतं. कुठलाही शहाणा ऑपरेटिंगवाला अशा गाडीला सिग्नल देणार नाही. मी तरी दिला नसता.

दुसरी गोष्ट ताबा. गाड्या २०२० मध्ये आल्या, पण जयनगर–कुर्था लाइन नेपाळच्या हाती रीतसर आली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधे कोविड होता, सीमा बंद होत्या, हेही धरा. बांधकामाचा ठेकेदार आणि वाहतूक करणारा यांच्यातला हा ताबा कागदी वाटतो, पण तसा नाही. ताबा घेतला की त्या क्षणापासून रुळाला तडा गेला तर तो तुमचा. म्हणून घेणारा प्रत्येक सांधा, प्रत्येक वळण, प्रत्येक पुलाची नोंद मागतो, आणि मागायलाच हवी. तराईत तर जास्तच. जमीन सपाट, पाणी पसरून वाहणारं, आणि त्यात रेल्वेचा भराव म्हणजे आडवा बांध. मोऱ्या कमी पडल्या तर पाणी भराव खाऊन स्वतःची वाट करतं. २००१ चा पूल तिथल्या लोकांच्या आठवणीत होताच. आपल्याकडे कोकणात पावसाळी वेळापत्रक लावून वेग कमी करतात, रात्री गस्त घालतात. तसली शिस्त नव्या कंपनीला पहिल्या पावसाआधी बसवावी लागते.

तिसरी गोष्ट माणसं. सुरुवातीला नेपाळकडे या गाड्या चालवणारे प्रशिक्षित लोक नव्हते, म्हणून कोकण रेल्वेकडूनच माणसं घ्यावी लागली. यात कमीपणा काही नाही, आपण स्वतः कित्येक तंत्रं अशीच परक्यांच्या हाताखाली शिकलो. पण उसन्या माणसांचा पगार, भत्ता, राहण्याची सोय हा खर्च तिकिटाच्या पैशांतून निघत नाही. दोन गाड्यांच्या कंपनीला तो झेपवायचा म्हणजे सरकारी तिजोरीकडे बघावं लागतं, आणि तिजोरीतून पैसा सुटायला वेळ लागतो.

गाड्या उभ्या राहिल्या तर बिघडत नाहीत, असंही समजू नका. उभी डेमू दिसते शांत, पण बॅटऱ्या उतरतात, रबराचे होज पाइप कडक होतात, ब्रेकच्या झडपा चिकटतात, उंदीर वायरी खातात. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी इंजिन चालू करून गाडी थोडी मागेपुढे करावी लागते. म्हणजे एकही प्रवासी न नेता खर्च चालूच. सुट्या भागांचंही तसंच. आमच्याकडे ट्रॅक्शन मोटर (चाकं फिरवणारी मोटर) जळाली तर शेजारच्या शेडला फोन करायचा, मोटर रातोरात यायची, कागद मागाहून व्हायचे. तीच मोटर सीमेपलीकडे न्यायची तर आधी कागद आणि मग मोटर. मोठ्या दुरुस्तीसाठी अख्खी गाडी कारखान्यात पाठवायची, आणि कारखाने सगळे भारतात. दोनपैकी एक गाडी दुरुस्तीला गेली तर उरलेल्या एकीवर वेळापत्रक. तिचा दिवस खराब गेला की त्या दिवशीची रेल्वेच बंद. छोट्या लाइनचा हा सगळ्यात मोठा त्रास आहे, आणि उद्घाटनाच्या फोटोत तो दिसत नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की दीड वर्ष गाड्या उभ्या होत्या कारण रेल्वे अजून व्हायची होती. लोखंड आलं होतं, कायदा, ताबा आणि माणसं यायची होती. २ एप्रिल २०२२ ला नरेंद्र मोदी आणि शेरबहादुर देउबा या दोन्ही पंतप्रधानांनी दिल्लीहून दूरस्थ हिरवा झेंडा दाखवला. पुढचा कुर्था–बिजलपुरा हा १७ किलोमीटरचा टप्पा जुलै २०२३ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. बिजलपुरा–बर्दिबास हा शेवटचा टप्पा जमीन संपादनात अडकला. तिथे मात्र कारण आपल्या ओळखीचं आहे, कोकणात असो की मिथिलेत.

आता दुसरा प्रश्न, थेट गाडीचा. इथे मी तुमच्याशी थोडा असहमत आहे.

आधी हे मान्य करू की भारतीय गाडी तिथे जाऊ शकते. गेज तेच, जोडणी तीच. जून २०२२ मध्ये भारत गौरव योजनेतली रामायण यात्रेची पर्यटक गाडी दिल्लीच्या सफदरजंगहून निघून थेट जनकपूरला गेलीही. म्हणजे प्रश्न रुळाचा नाही. ती गाडी जाऊ शकली कारण प्रत्येक प्रवाशाचं नाव, ओळखपत्र, डबा आणि बर्थ आधीपासून एका आयोजकाच्या यादीत होते, आणि मधल्या स्टेशनांवर कुणी सुट्टं तिकीट काढून चढत नव्हतं. पवन एक्सप्रेस लोकमान्य टिळक टर्मिनसहून निघाली की वाटेत किती ठिकाणी थांबते आणि किती माणसं चढतात-उतरतात, ते एकदा तिच्या साध्या डब्यात बसून पाहा. त्यातलं कोण सीमेपलीकडे चाललंय आणि कोण दरभंग्याला उतरायचं राहून झोपलंय, ते कसं वेगळं करणार?

भारत–नेपाळ सीमा खुली आहे, १९५० च्या करारापासून दोन्ही देशांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही, मग तपासणी कशाला, असं तुम्ही म्हणाल. व्हिसा लागत नाही, पण नागरिकत्व दाखवावं लागतं. या गाडीतून फक्त भारतीय आणि नेपाळी नागरिकांना सीमा ओलांडता येते, तिसऱ्या देशाच्या माणसाला नाही. म्हणजे प्रत्येकाला निदान एकदा विचारावं लागणारच. शिवाय माणूस खुला असला तरी त्याची पेटी खुली नाही. कस्टम दोन्हीकडे आहे, नेपाळच्या बाजूला ते इनरवा स्टेशनवर.

ही तपासणी कुठे करायची, यावर सीमेपलीकडच्या गाड्यांचं यश ठरतं. कोलकाता–ढाका मैत्री एक्सप्रेसचं उदाहरण घ्या. २००८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा गेदे आणि दर्शना या सीमेवरच्या दोन्ही स्टेशनांवर सगळ्यांना सामानासकट उतरवायचे, रांगा लावायचे, पुन्हा चढवायचे. प्रवास कमी आणि उभं राहणं जास्त. नोव्हेंबर २०१७ पासून तपासणी सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्टेशनावर नेली, म्हणजे कोलकात्याला आणि ढाका छावणीला. मधे दरवाजे बंद. काही तास वाचले. पण हे जमलं कारण मैत्री ही दोन शहरांमधली बंद गाडी होती. मुंबई–जयनगर ही तशी गाडी नाही आणि तशी करायची तर मधल्या सगळ्या प्रवाशांना उतरवून द्यावं लागेल. दुसरा मार्ग म्हणजे जयनगरला अख्खी गाडी रिकामी करून तपासायची आणि पुन्हा भरायची. मग ती थेट गाडी कसली? त्यापेक्षा जयनगरलाच शेजारी असलेल्या नेपाळी गाडीच्या स्टेशनावर चालत जाऊन दुसऱ्या गाडीत बसणं सरळ आणि वेळेतही बसणारं.

याहून आतला मुद्दा हद्दीचा. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. मालकी बदलते, हिशेब बदलतात, पण डब्यातल्या माणसाला कळतही नाही. मंगळूरजवळच्या ठोकूरला कोकण रेल्वे संपून दक्षिण रेल्वे लागते, तिथेही तेच. हे इतकं गुळगुळीत होतं कारण दोन्हीकडे एकच अधिनियम, सिग्नलचे एकच अर्थ, लाइन क्लिअर (गाडी सोडायची पुढच्या स्टेशनाची परवानगी) देण्या-घेण्याची एकच पद्धत आणि वर सुरक्षा आयुक्तांची एकच यंत्रणा. आंतरराष्ट्रीय हद्दीवर यातलं प्रत्येक कलम लिहून ठरवावं लागतं. आपला लोको पायलट पलीकडे गेला तर त्याचा दाखला तिथे मान्य आहे का? नसेल तर सीमेवर माणूस बदला. ट्रेन मॅनेजरनं, म्हणजे गार्डनं, पलीकडे कुणाचा आदेश मानायचा? आपला डबा तिथे चार तास उभा राहिला तर भाडं कुणी द्यायचं? प्रवासी गाडीतून पडला तर आपल्या रेल्वे दावा न्यायाधिकरणाचा अधिकार सीमेपलीकडे चालत नाही, मग तो कुठे जाणार? पर्यटक गाडीपुरतं हे एकेका फेरीसाठी ठरवता येतं. रोजच्या गाडीसाठी कायमचं ठरवावं लागतं.

आणि वेळ! नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. प्रवाशाला ही गंमत वाटते, स्टेशन मास्तरला नाही. लाइन क्लिअरच्या नोंदवहीत एका बाजूनं १०.०५ लिहिलं आणि दुसऱ्या बाजूनं १०.२०, तर उद्या चौकशीत कुठली गाडी आधी निघाली तेच सिद्ध होणार नाही. म्हणून सीमेवरच्या दोन स्टेशनांमधल्या पट्ट्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, कुठलं घड्याळ चालणार हे लेखी ठरवूनच गाडी सोडायची. एकेरी लाइनवर तर यात तडजोड नाही.

याच सीमेवर एक लाइन मात्र विनासायास चालते. बिहारमधलं रक्सौल ते नेपाळातल्या बीरगंजजवळच्या सिर्सियाचं सुकं बंदर (कंटेनर चढवण्या-उतरवण्याचं ठिकाण), सुमारे ६ किलोमीटर. २००४ च्या रेल्वे सेवा करारानंतर कोलकात्याहून कंटेनरच्या गाड्या तिथे थेट जातात. पुढे हल्दिया, विशाखापट्टणम अशी बंदरं जोडली गेली, आणि २०२१ मध्ये करार बदलून खाजगी मालगाडी चालकांनाही वाट मोकळी झाली. ती इतकी सुरळीत का चालली? कारण नेपाळला तिथे रेल्वे चालवावीच लागली नाही. गाडी भारतीय, इंजिन भारतीय, चालवणारे भारतीय. ऑपरेटिंगच्या भाषेत ती एक साइडिंग, म्हणजे मुख्य लाइनीतून निघालेला फाटा, आहे, फक्त तिचं टोक दुसऱ्या देशात आहे. कारखान्याच्या साइडिंगला जसा गेट असतो तशी तिथे सीमा. शिवाय कंटेनरला सील लागतं. माणसाला सील लावता येत नाही.

म्हणजे शेजारच्या देशात जाणाऱ्या छोट्या लाइनला दोनच वाटा असतात. मोठ्या शेजाऱ्याची साइडिंग व्हायचं, की आपली स्वतंत्र रेल्वे व्हायचं. साइडिंग स्वस्त, झटपट, पण तुमच्या देशात रेल्वेचं ज्ञान शून्यच राहतं आणि प्रवासी गाडीसाठी ती वाट कुठलंही सार्वभौम सरकार सहज घेणार नाही. स्वतंत्र रेल्वे महाग, रखडणारी, पहिली अनेक वर्षं तोट्यातली. जनकपूरच्या बाबतीत नेपाळनं दुसरी वाट घेतली. ऑपरेटिंगवाला म्हणून मला विचाराल तर ३५ किलोमीटरसाठी ती परवडणारी नाही. पण बर्दिबासपर्यंतचे सगळे मिळून सुमारे ६९ किलोमीटर पूर्ण झाले, मालवाहतूक जोडली गेली, आणि पुढेमागे रक्सौल–काठमांडू लाइन झाली, तर आज तयार झालेली माणसंच कामाला येतील. त्या सुमारे १४० किलोमीटरच्या डोंगरी लाइनचं सर्वेक्षणही कोकण रेल्वेनंच केलंय, आणि बोगद्यांचा अनुभव बघता त्यांच्याइतकं योग्य कुणी नव्हतं. त्या दृष्टीनं जनकपूरची लाइन ही शाळा आहे, आणि शाळा नफ्यात आहे का असं कुणी विचारत नाही. ती पुढची लाइन झालीच नाही, तर मात्र माझं हे म्हणणं लटकं पडेल, हेही कबूल.

इथे जुन्या अमलेखगंजची आठवण काढायला हवी. रक्सौलहून अमलेखगंजला १९२७ मध्ये नेपाळची पहिली रेल्वे गेली, सुमारे ३९ किलोमीटर. पुढे त्रिभुवन राजपथ झाला, ट्रक थेट काठमांडूला जाऊ लागले आणि १९६५ मध्ये ती लाइन बंद पडली. मालाला दोनदा चढ-उतार करावी लागली की छोटी लाइन ट्रकसमोर टिकत नाही. आज त्याच अमलेखगंजला मोतिहारीहून पाइपलाइननं पेट्रोलियम जातं, २०१९ पासून.

त्रिपुरातलं आगरतळा ते बांगलादेशातलं आखौरा या लाइनचं काय, हेही तुम्ही जाता जाता विचारलंय. ती आणखी छोटी, १२.२४ किलोमीटर, त्यातले ५.४६ भारतात. १ नोव्हेंबर २०२३ ला उद्घाटन झालं. तिथे दोन्ही देशांकडे कायदा आहे, अनुभवी रेल्वे आहे, प्रशिक्षित माणसं आहेत. जनकपूरला जे नव्हतं ते सगळं. पण तिथे दोन वेगळ्याच अडचणी. एक गेजची: बांगलादेशच्या बाजूला दोन्ही गेज टाकलेत, तरी आखौऱ्याहून ढाक्याकडे जाताना ढाक्याजवळच्या टोंगीपर्यंतचा पट्टा मीटरगेजचा, त्यामुळे आगरतळ्याची ब्रॉडगेज गाडी ढाका ओलांडून कोलकात्याला जाईल हे चित्र नकाशापुरतंच. दुसरी अडचण राजकारणाची. जुलै–ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात जी उलथापालथ आणि सत्तांतर झालं त्यानंतर मैत्री, बंधन, मिताली या चालत्या गाड्याच थांबल्या, तिथे नवी कोण सुरू करणार? सीमेवरच्या रेल्वेला दोन सरकारांची मर्जी रोज लागते, उद्घाटनापुरती नव्हे.

हे सगळं कशावर अवलंबून आहे, तर दोन्ही बाजूंची तयारी सारखी आहे का यावर. युरोपात सीमेवर गाडी थांबतही नाही असं कुणी सांगेल. खरं आहे, पण तिथे दोन्हीकडे शंभर-दीडशे वर्षांची जुनी रेल्वे आहे. एकीकडे जगातली एक अवाढव्य रेल्वे आणि दुसरीकडे दोन गाड्यांची कंपनी असते तेव्हा मोठ्यानं आपलं नियमपुस्तक रेटायचं की लहान्याला आपलं लिहू द्यायचं, हा प्रश्न निघतोच. लिहू द्यायचं तर वेळ द्यावा लागतो.

आता तुम्हाला खरंच जायचं असेल तर सांगतो. मुंबईहून पवन एक्सप्रेसनं जयनगरपर्यंत या. ही गाडी लांबची आहे आणि उशीर होतो, त्यामुळे त्याच दिवसाची पुढची गाडी धरण्याच्या हिशेबानं निघू नका. जयनगर किंवा मधुबनीला मुक्काम ठेवा. नेपाळच्या गाडीचं स्टेशन भारतीय स्टेशनाला लागूनच आहे, पण तिकीट वेगळं. ते आपल्या आरक्षणाच्या तिकिटात येत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र मूळ प्रत जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. वेळ विचारताना ती भारतीय घड्याळाची की नेपाळी, हेही विचारा. फेऱ्या मोजक्याच असतात आणि गाडी दुरुस्तीला गेली की बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी स्टेशनवर चौकशी करा. गाडी चुकली तर रस्त्यानंही जाता येतं, अंतर थोडंच आहे. विवाहपंचमीच्या आठवड्यात जाणार असाल तर जनकपूरची खोली बरीच आधी बघा, त्या दिवसांत गाडीत पाय ठेवायलाही जागा नसते आणि वेळापत्रक गर्दीप्रमाणे वाकतं. परतताना जयनगरहून सुटणाऱ्या गाडीच्या आदल्या दिवशीच सीमा ओलांडून या.